भात बंद, साखर चालू

फोंडा तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारे ४८ वर्षांचे, पणजीत खासगी नोकरी. घरी ७८ वर्षांची आई, नोकरी करणारी पत्नी आणि कॉलेजला जाणारी मुलगी. सहा महिन्यांपूर्वी साखरेच्या तपासणीत त्यांचं एचबीए१सी ५.९ निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही; भात कमी करा, चाला, पोट उतरवा, एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचा भात बंद झाला. डब्यात चपात्या, रात्री ओट्स. आई शीत-हुमणाचं (भात आणि माशाच्या कालवणाचं) ताट पुढे करते, पत्नी ते मागे सारते, रोज खटका उडतो, आई डोळ्यांना पदर लावते. आणि परवाच्या तपासणीत आकडा आला ६.१, उपाशीपोटी साखर ११२. "आईनं जन्मभर तिन्ही त्रिकाळ भात खाल्ला, तिला साखर नाही. मी भात सोडला तर मला चढली. आता कोणाचं ऐकू?" असं ते विचारतात. ऑफिसातला एक सहकारी रोज १६ तास उपाशी राहतो, ते करून पाहू का, हाही प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी एका दिवसाचं सगळं खाणं वेळेसकट लिहून पाठवलं आहे.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला पेन्सिल घेऊन बसले आणि शब्द मोजले, जुनी खोड. 'भात' आणि 'शीत' मिळून १९ वेळा. 'पाव' चार वेळा. आणि 'सव्वादहाला जेवण' फक्त एकदा, शेवटच्या ओळीत, जाता जाता. माझी पेन्सिल अडली ती तिथे.

आधी आकड्याचं बघू, म्हणजे जीव थोडा भांड्यात पडेल. एचबीए१सी हा साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात, घरात शिरलेला नाहीत. ५.९ आणि ६.१ यांतला फरकही एवढा बारीक आहे की दोन प्रयोगशाळांमध्ये, कधी कधी एकाच प्रयोगशाळेत, तो सहज पडू शकतो. म्हणून 'भात सोडल्यावर साखर चढली' असं मी म्हणणार नाही. भात सोडून ती उतरली नाही, एवढं मात्र खरं.

का उतरली नाही? डॉक्टर 'कमी' म्हणाले, घरानं 'बंद' ऐकलं. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण 'बंद' पाळायला सोपं. सोमवारचं शिवराक (शाकाहार) पाळतो तसं: आज निस्तें, म्हणजे मासे, नाही म्हणजे नाही, डोकं लावायचा प्रश्नच नाही. 'कमी'साठी रोज विचार करावा लागतो, डाव हातात असताना थांबावं लागतं, आणि आईनं वाढलेलं परत पातेल्यात टाकावं लागतं. पण भाताची जागा रिकामी राहिली नाही, ती कोणी भरली ते तुमच्याच कागदावर बघा.

पावणेसातला चहा आणि तीन टोस्ट. साडेदहाला ऑफिसखाली पातळ भाजी, दोन पाव, चहा. दीडला डबा, तीन चपात्या आणि सुकी भाजी, "एखादी चपाती उरते". साडेचारला चहा, "कुणी आणली तर भजी". सव्वासातला घरी, चहाबरोबर पोदेराचे (पाववाल्याचे) ताजे उंडे, म्हणजे गोल पाव, "एक, कधी दोन". मग बातम्या आणि फरसाण. सव्वादहाला ओट्स, त्यावर "आईचा मान राखायला चार घास शीत-हुमण". अकराला झोप.

टोस्ट म्हणजे पावच, पुन्हा भाजून कोरडा केलेला. ते धरून दिवसात तीन वेळा मैदा. चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हे तुम्हीच लिहिलंय. चमचा ४ ते ५ ग्रॅमचा धरला तर नुसत्या चहातून ३२ ते ४० ग्रॅम साखर. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भाताला घराबाहेर काढलंत आणि साखरेचा डबा होता तिथेच राहिला.

(पावाऐवजी पोदेराची पोळी, म्हणजे तो चपटा पाव, खाऊ का, असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. कणकेची आणि कोंड्याची असेल तर जरूर. पण हल्ली बऱ्याचदा कोंडा वरून भुरभुरलेला आणि आत मैदा असतो. पोदेराला सरळ विचारा. तो लपवत नाही, त्याला कोणी विचारत नाही एवढंच.)

आता चपात्या आणि ओट्स. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात कर्बोदकं पाऊणशे ग्रॅमच्या थोडी वर. कणीक आणि ओट्स ६५-७० च्या आसपास. कणकेत आणि ओट्समध्ये तंतू आणि प्रथिनं जास्त, हा फायदा खराच. पण तीन चपात्या खाऊन 'आज मी भात खाल्ला नाही' म्हणणं म्हणजे सरकारी कदंबाऐवजी खासगी बसनं गेलो म्हणून तिकीट पडलं नाही म्हणण्यासारखं आहे. शिवाय तुम्हाला चपात्या आवडत नाहीत. डबा उरतो, साडेचारला भूक लागते, भजी कुणीतरी आणतंच, आणि सव्वासातला उंडे गरम असतात. दिवसभरात एकही जेवण मनापासून झालेलं नाही. ते सगळं साचून सव्वादहाला बाहेर येतं, आणि मग 'चार घास' खरंच चार असतात का, हे मी विचारत नाही.

तुमच्या आईविषयी. तिला साखर नाही याचं श्रेय भाताला देऊ नका, जसा तुमच्या ६.१ चा दोषही सगळा त्याच्या माथी मारू नका. (आणि तिची साखर शेवटची कधी तपासली होती? 'नाही' म्हणजे तपासून नाही, की त्रास नाही म्हणून नाही?) ती तरुणपणी कुळागरात शिंपणं करायची, नारळांची ओझी वाहायची, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. त्या ओळीत खूप काही आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आपणहून ओढून घेतो, इन्सुलिनची फारशी वाटही बघत नाही.

माझी आजी आठवते. अकराच्या सुमारास ती शेतातून वर यायची, हात धुवायची आणि राजांगणाच्या कडेला बसून पेज जेवायची. उकड्या तांदळाची, दाणे फुटलेली, वाफ येणारी पेज. निखाऱ्यावर भाजलेला एक सुका बांगडा, आणि बोटाला लागेल एवढं आंब्याचं मिसकूट. वाटी तोंडाला लावून निवळ प्यायची, मग शितं. पुढचं जेवण दुपारी दोनच्या पुढे. संध्याकाळी दिवा लावला की तासाभरात घरातली जेवणं आटपत, कारण रॉकेल जाळत बसणं परवडत नव्हतं. तिच्या वेळा तिच्या कामानं आणि दिव्यानं ठरवलेल्या. आपण आजीचे, आईचे पदार्थ उचलले, त्यांच्या वेळा टाकल्या, आणि काम तर केव्हाच टाकलं.

तुमच्या पत्रातच आहे की आई अजून पावणेआठला जेवते, "तिला धीर धरवत नाही". मला वाटतं घरात सगळ्यात शहाणं घड्याळ तिचं आहे.

कारण रात्रीचं शरीर वेगळं असतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढू लागतं, ती झोपेची तयारी. ते वाढलेलं असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं मंदावतं. त्यामुळे तेवढाच भात दुपारी एकला खाल्ला तर साखर जेवढी वर जाते, त्याहून रात्री साडेदहाला जास्त जाते आणि खाली यायला वेळ लावते. वर तुम्ही पाऊण तासात आडवे. पायांचे मोठे स्नायू म्हणजे साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, नेमकं तेव्हा दुकान उघडता तेव्हा ते झोपलेलं.

आता १६ तासांचा उपास. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण बहुतेक लोक तो असा करतात: सकाळ टाळायची, दुपारी पहिला घास, आणि मग रात्री नऊ-साडेनऊपर्यंत यथेच्छ. म्हणजे सकाळी शरीर साखर हाताळायला तयार असतं तेव्हा उपाशी, आणि ते थकतं तेव्हा भरपेट. तुमचा सहकारी असंच करत असेल, मी पैज लावते. तुम्ही आठाच्या आत जेवून सकाळी आठला न्याहारी केलीत तर १२ तास आपोआप होतात, त्याला नाव द्यायची गरज नाही. इतर वाचकांसाठी एक सूचना, ही मात्र गांभीर्यानं घ्या: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका आणि वेळाही एकदम बदलू नका. साखर अचानक खाली घसरते, ते चढण्यापेक्षा घातक.

मला कौल मागितलात तर तो असा: भात ठेवा, पण दुपारी. आणि रात्रीचं जेवण आईबरोबर.

दुपारी डब्यात उकड्याचा भात, शिजलेला सव्वा वाटी. डोळ्यांनी मोजू नका, पहिले आठ दिवस खरोखर वाटीनं मोजा. 'मूठभर' हे माप घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं. साळ उकडताना कोंड्याजवळची काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, आणि उकडा सहसा सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सावकाश पचतो. सावकाश म्हणजे फुकट नव्हे, म्हणून वाटी. त्याच्याबरोबर भाताइतकी तरी भाजी आणि एक मोठी तुकडी मासा. हुमण बसमध्ये सांडतं आणि ऑफिसात लोक नाक मुरडतात, हे मला माहीत आहे. त्यावर आपल्याकडे जुनाच तोडगा आहे: कालचं हुमण. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं सकाळी मंद आचेवर चांगलं उकळून आटवलं की मसाला माशाला धरतो, सांडायला काही उरत नाही, आणि चव ताज्याहून सरस. हे आटवायचं काम आईला द्या. 'भात सोडलेला नाही, तू भरलेला डबा दुपारी खातो' हे तिला सांगायला मग वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत.

एक सवय मात्र उलटी करावी लागेल. आपण पहिल्याच घासाला हुमण शितावर ओततो आणि माशाची तुकडी शेवटासाठी ताटाच्या कडेला राखून ठेवतो. लहानपणापासूनचं आहे हे, मीही करते. पण भाजी आणि मासा आधी पोटात गेले आणि भात मागून गेला, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुकडीचा शेवटचा कोपरा राखून ठेवा हवं तर. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

बाहेर थाळी घ्यावी लागली तर भात येण्याआधी अर्धा सांगा. ताटात आल्यावर तो संपतोच. तळलेल्या माशावर रव्याचा जाड थर असतो. तव्यावर थोड्या तेलात भाजून मिळतो का विचारा. सोलकढी जरूर प्या. नारळानं साखर चढत नाही, मात्र त्यातली चरबी संपृक्त असते, तेव्हा कोलेस्टेरॉलही वाढलेलं असेल तर रोज सोलकढी आणि नारळाचं घट्ट हुमण दोन्ही नको.

शिवराकाच्या दिवसांकडे कोणी बघत नाही, पण माझ्या अनुभवात घोटाळा तिथेच असतो. सोमवार-गुरुवारी ताटातून मासा जातो आणि त्या जागी येते बटाट्याची भाजी. भात, बटाटा, पाव: तिन्ही एकाच गोत्रातले. जून-जुलैत मासेमारी बंदीचे ६१ दिवस असतात तेव्हा तर हे आठवड्यातून चार-चार दिवस होतं. माशाची जागा कडधान्यानं भरा. अळसांद्यांचं तोणाक, मोड आलेल्या मुगांच्या गाठी, चण्याचं रोस. पावसाळ्यात तायकिळ्याची, अळवाची भाजी परसात फुकट मिळते. सुकी मासळी चवीपुरती, विशेषतः आईला रक्तदाब असेल तर. तिच्यात मीठ फार.

आता संध्याकाळ. सव्वासातला तुम्ही घरी येता तेव्हा तुम्हाला चहाची तल्लफ नसते, भूक असते. साडेतीनशे मिनिटांपूर्वी अर्धा डबा खाल्लेल्या माणसाला भूक लागणारच. हातपाय धुवा आणि पावणेआठला आईच्या बाजूला जेवायला बसा. एक-दोन चपात्या किंवा नाचणीची भाकरी, भाजी, डाळ किंवा मासा. ओट्स आवडत नसतील तर त्यांना निरोप द्या. आपल्याकडे नाचणीचं तिझन (पातळ खीर) होतंच की, फक्त गूळ हात राखून. मग बातम्या बघा, हात रिकामे ठेवून. आणि जेवल्यावर १५ मिनिटं चाला. पाऊस असेल तर सोप्यावर, येरझाऱ्या घाला, घरचे हसतील, हसू द्या. जेवणानंतरच्या या चालण्यानं जेवणानंतरची साखर कमी उसळते, आणि पहाटेचं फिरणं तुम्ही दोनदा सुरू करून सोडलंय, असं पत्रात आहे. कमरेचा घेरही मोजून ठेवा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही रेघ मानतात, बायकांसाठी ८०.

तुम्ही बुधवारचं खाणं लिहून पाठवलंत. शनिवारचं का नाही, ते विचारत नाही. उर्राकाचा (काजूच्या दारूचा) मोसम आला की एवढंच लक्षात ठेवा की त्यात ओतलेलं गोड लिंबूपेय म्हणजे साखरेचं पाणी, आणि सोबतच्या फरसाणाची मोजदाद कोणीच ठेवत नाही.

एका वाक्याबद्दल मात्र विचारणारच. "घरात दोन स्वयंपाक होतात." व्याकरणात शिकलेलं आठवत असेल, या वाक्यात कर्ता लपलाय. करतं कोण? तुमची पत्नी साडेसहाला कामावरून येते, आईसाठी हुमण, तुमच्यासाठी ओट्स, उद्याच्या चपात्यांची कणीक. तुम्ही सव्वादहाला जेवता, म्हणजे ती पावणेअकराला, उरलेलं. तिचं खाणं तुमच्या कागदावर कुठेच नाही. तिचा आकडाही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २० वर्षांवरच्या लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के होतं, सगळ्या राज्यांत जास्त. चारात एक. त्यांतल्या पुष्कळांना तपासणी होईपर्यंत पत्ता नसतो. पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा तिलाही न्या. तिला रक्तक्षय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, एचबीए१सीचा आकडा त्यानं फसवा येऊ शकतो. आणि एकच स्वयंपाक, एकच वेळ झाली तर संध्याकाळचे दोन तास तिच्याही पदरात पडतील. भांडी मुलगी आणि तुम्ही वाटून घ्या.

हे सगळं करून काही होतं का, अशी शंका येईल. २००६ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी उंबरठ्यावरच्या पाचशेहून अधिक भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. हे लोक तुमच्याआमच्यासारखेच भात खाणारे होते.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. घरी साखर मोजायचं यंत्र आणा किंवा कुणाकडून आठवड्यापुरतं मागून घ्या. पट्ट्या मात्र नव्या, सुयाही नव्या. एका रविवारी दुपारी एकला सव्वा वाटी भात, हुमण, भाजी जेवा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पातळ भाजी आणि दोन पाव खाल्ल्यावर दोन तासांनी. तिसऱ्या दिवशी, शेवटचं म्हणून, सव्वादहाचं जेवण तेवढ्याच भातानं करा आणि सव्वाबाराचा गजर लावा. निरोगी माणसाचा आकडा दोन तासांनी १४० च्या आत येतो. तिन्ही आकडे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आईला दिसेल असे. आणि तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा एचबीए१सी. त्याआधी नको, रक्तातल्या तांबड्या पेशी बदलायला तेवढा वेळ लागतो.

उद्या पोदेर हॉर्न वाजवत येईल तेव्हा संध्याकाळचे उंडे निम्मे करायला सांगा. चहातली साखर आधी दीड चमचा, पंधरा दिवसांनी एक.